जिनिव्हाचा दबाव आणि आपल्या हातातली पोच

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले आम्ही काही कार्यकर्ते एका विहारात जमतो. त्रिशरण-पंचशील, मग महिन्याच्या कामाचा आढावा, मग चर्चा. मागच्या बैठकीत एका तरुणाने सरळच विचारले, "कोरेगाव भीमाच्या खटल्याबद्दल युनोने एवढी पत्रके काढली. सरकारने काय ऐकले?" त्यावर बी.एड. करणारी एक ताई म्हणाली, "म्हणून काय गप्प बसायचे? इथे कोणी ऐकत नाही, म्हणूनच बाहेर बोलावे लागते ना?"

दोघांचेही म्हणणे आम्हाला अर्धेच पटते. आपल्या तरुणांमध्ये सध्या दोन टोके दिसतात. काहींना वाटते, एकदा विषय जिनिव्हात गेला की सरकार नमलेच. काहींना वाटते, परदेशाचे नाव काढले की आपण देशद्रोही ठरणार, तेव्हा तो विषयच नको. बैठकीत वेळ कमी पडला, म्हणून आमचे म्हणणे इथे सविस्तर मांडतो आहोत.

ते थोडक्यात असे. आंतरराष्ट्रीय दबावाने तुरुंगाचे दार उघडत नाही. सरकारला उत्तर द्यायला लावणे आणि झालेले विसरू न देणे, एवढे त्याला जमते. पण तेवढ्यासाठीही त्याला गावातून निघालेला, तारीख आणि शिक्का असलेला कागद लागतो. तो कागद तयार करण्याची जबाबदारी आपली आहे आणि नेमके तिथेच आपण कमी पडतो.

कोरेगाव भीमा : काय झाले आणि काय झाले नाही

१ जानेवारी २०१८. कोरेगाव भीमाच्या लढाईला दोनशे वर्षे होत होती. जुन्नर-आंबेगावातूनही मंचर, पाबळ, शिक्रापूर या रस्त्याने आपली माणसे मानवंदनेला जातात. त्या दिवशी तिथे दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. हिंसाचार भडकवल्याचा गुन्हा हिंदुत्ववादी संघटनांच्या दोन नेत्यांवर दाखल झाला. त्यातल्या एकाला अटक झाली आणि महिनाभरात जामीन मिळाला, दुसऱ्याला अटकच झाली नाही. त्याच जानेवारीत पुण्यात आणखी एक गुन्हा दाखल झाला, तो ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेबद्दल. पुढचा सगळा तपास या दुसऱ्या गुन्ह्याच्या वाटेने गेला.

जून २०१८ ते ऑक्टोबर २०२० या काळात सोळा जणांना यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली. त्यात वकील, प्राध्यापक, कवी, पत्रकार, शाहीर आणि एक वृद्ध पाद्री होते. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे, कबीर कला मंचाचे कलावंत ही तर आपल्या चळवळीतली ओळखीची नावे. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना शरण जावे लागले तो दिवस होता १४ एप्रिल २०२०.

आता बाहेरून काय झाले ते पाहू. ऑक्टोबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बाशेलेट यांनी भारतातल्या कार्यकर्त्यांच्या अटकेबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. त्यात फादर स्टॅन स्वामींचा उल्लेख होता. परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर लगेच आले. भारत कायद्याने चालणारी लोकशाही आहे आणि मानवाधिकारांच्या नावाखाली कायद्याचा भंग खपवून घेता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मानवाधिकार रक्षकांसाठीच्या विशेष प्रतिवेदक मेरी लॉलर यांनीही हा विषय लावून धरला. तरीही ८४ वर्षांचे, पार्किन्सन्सने हात थरथरणारे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात कैदी म्हणूनच वारले. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला होता. त्यांच्या मृत्यूनंतर संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने मत दिले की त्यांची कैद मनमानी होती. मत मिळाले, पण तोवर माणूस गेला होता.

मग जे सुटले ते कसे सुटले? सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये तांत्रिक मुद्द्यावरच्या जामिनावर बाहेर आल्या. तेलतुंबडे यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. दहशतवादी कृत्याशी त्यांचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते तुरुंगातून बाहेर आले तो दिवस २६ नोव्हेंबर, संविधान दिन. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये, प्रा. शोमा सेन यांना एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. साडेसहा वर्षे होऊनही आरोप निश्चित झाले नव्हते आणि साक्षीदार तीनशेहून जास्त होते. या आदेशांमागे पुराव्याचे वजन, कायद्यातल्या तरतुदी, रखडलेला खटला अशी देशातलीच कारणे होती. वर्षानुवर्षे तारखांना उभे राहणारे वकील आणि तुरुंगाच्या फाटकाशी चपला झिजवणारी कुटुंबे, यांच्या श्रमाचे हे फळ आहे.

बाहेरच्यांचा उपयोग झालाच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासली. त्यातली आक्षेपार्ह पत्रे बाहेरून, मालवेअर वापरून टाकली गेली होती, असा निष्कर्ष तिने २०२१ मध्ये दिला. पुढे गडलिंग आणि स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबद्दलही तिने असेच अहवाल दिले. तपास यंत्रणेने ते मान्य केलेले नाहीत आणि खटल्यात त्यांची कसोटी व्हायची आहे. तरी त्या पत्रांच्या खरेपणावर जगभर प्रश्न उभे राहिले. आमच्या दृष्टीने हा धडा मोठा आहे. निषेधाच्या शंभर पत्रकांपेक्षा एका तांत्रिक अहवालाने जास्त काम केले, कारण त्यात फाइलचे नाव, तारीख आणि वेळ होती.

‘आमची अंतर्गत बाब’

कोणी बाहेरून बोलले की सरकारचे पहिले वाक्य ठरलेले असते : ही आमची अंतर्गत बाब आहे. हा युक्तिवाद जुना आहे आणि एके काळी तो भारताच्याच विरोधात वापरला गेला होता. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेली. तिथल्या हिंदी लोकांना भेदभावाची वागणूक मिळते, ही ती तक्रार. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांनी हेच सांगितले, की ही आमची अंतर्गत बाब आहे. महासभेने ते ऐकले नाही आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूने ठराव केला. भारताने त्या देशाशी व्यापारही थांबवला. म्हणजे मानवाधिकारांसाठी दुसऱ्या देशावर दबाव आणण्याची वाट जगाला दाखवणाऱ्यांत आपला देश पुढे होता.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती आणि अस्पृश्यांच्या वतीने आपणही तसा अर्ज करण्याच्या विचारात आहोत, असे कळवले होते. डु बॉइस यांनी जुलै १९४६ मध्ये सहानुभूतीचे उत्तर पाठवले. तेव्हा ‘बाहेर जाणे म्हणजे देशद्रोह’ असे कोणी म्हणाले तर त्याला हा पत्रव्यवहार सांगावा. आणि हेही सांगावे की त्याच बाबासाहेबांनी पुढे सगळी शक्ती संविधान सभेत लावली. त्यांच्या लेखी बाहेरचा मंच हा आधार होता आणि निर्णयाची जागा देशातच होती.

जातीच्या बाबतीत सरकारची भूमिका तर आणखी विसंगत आहे. वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये झाला. त्याच्या व्याख्येत ‘जन्मकुळ’ या अर्थाचा शब्द घालण्याची सूचना भारताचीच होती. पण करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९६ मध्ये त्याच शब्दाखाली जातीचा भेद येतो असे म्हटले, तेव्हा भारताने नाकारले. जात म्हणजे वंश नव्हे, हे उत्तर २००१ च्या डर्बन परिषदेतही दिले गेले. दलित संघटनांनी तिथे जोर लावला, तरी अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. पुढच्याच वर्षी मात्र त्या समितीने जन्मकुळावर आधारित भेदभावाबद्दल सर्वसाधारण शिफारस काढली आणि त्यात जातिव्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख केला. डर्बनला हरलेला मुद्दा असा दुसऱ्या दाराने आत आला.

दक्षिण आफ्रिकेचा हिशेबही लक्षात ठेवू. १९४६ चा ठराव आणि फेब्रुवारी १९९० मधली मंडेलांची सुटका यांत ४३ वर्षे गेली. त्या काळात शस्त्रबंदी आली, खेळांवर बहिष्कार आला, आर्थिक निर्बंध आले. पण संप करणारे कामगार, शाळा सोडून रस्त्यावर आलेली मुले आणि वस्त्यांमधल्या संघटना नसत्या, तर ते निर्बंध कागदावरच राहिले असते.

दार कुठे आहे?

आपल्या तरुणांना ही यंत्रणा नीट माहीत असावी, म्हणून थोडक्यात सांगतो.

भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ मध्ये स्वीकारला. पण त्या कराराखाली एखाद्या व्यक्तीने थेट समितीकडे तक्रार करण्याची सोय भारताने मान्य केलेली नाही. वांशिक भेदभावाच्या करारातलेही ते कलम मान्य केलेले नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, त्याला मंजुरी अजून नाही. म्हणून ‘युनोत केस टाकू’ असे कोणी म्हणाले तर त्याला थांबवा. अशी केस टाकता येत नाही.

उघडी असलेली दारे मुख्यतः दोन. एक, विशेष प्रतिवेदक आणि कार्यगट. त्यांना पीडित, कुटुंब किंवा संस्था थेट माहिती पाठवू शकते. ते सरकारला पत्र लिहितात आणि उत्तर मागतात. दुसरे, दर साडेचार-पाच वर्षांनी मानवाधिकार परिषदेत होणारा प्रत्येक देशाचा आढावा. भारताचा चौथा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. आढाव्यासाठी संस्था आपले अहवाल देऊ शकतात. दोन्हीकडे अंमलबजावणीची सक्ती नाही. पण सरकारला लेखी उत्तर तयार करावे लागते आणि ते उत्तर पुढे संसदेत, न्यायालयात, वर्तमानपत्रात त्याच सरकारसमोर ठेवता येते. आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची आंतरराष्ट्रीय मान्यता २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे लांबणीवर टाकली गेली. आयोगाचे स्वातंत्र्य आणि त्यातले प्रतिनिधित्व यांवरचे आक्षेप त्यामुळे देशातही चर्चेत आले.

याची किंमतही आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलानंतर एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणे बंद झाले. मोठ्या संस्थांच्या आधाराने तालुक्यात काम करणाऱ्या लहान गटांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. बँक खाती गोठल्यामुळे ॲम्नेस्टीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले काम थांबवले. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातल्या सैल व्याख्यांची धास्ती कार्यकर्त्यांना आहे.

बाहेरचे देशही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ज्याच्याशी व्यापार मोठा, ज्याला विमाने आणि तोफा विकायच्या, त्याच्याबद्दल त्यांचा आवाज बारीक होतो. म्हणून एखाद्या बड्या देशाच्या निवेदनावर भिस्त ठेवू नये.

आमचीच एक चूक

आता घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका गावात बौद्ध स्मशानभूमीकडे जाणारी वाट अडवली गेली. भर पावसात तिरडी रस्त्यावर ठेवून लोक दोन तास थांबले. शेवटी तडजोड झाली, अंत्यविधी झाला. कुटुंब तक्रार द्यायला गेले, तेव्हा "उद्या या" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही सोबत होतो. आम्ही वाद घातला, फोन लावले, फोटो ग्रुपवर टाकले आणि तीन दिवसांनी दुसऱ्या कामाला लागलो.

पुढे २०२२ च्या आढाव्यासाठी माहिती गोळा करणाऱ्या एका वकील मैत्रिणीने आम्हाला विचारले, "तारीख? अर्जाची प्रत? पोच?" आमच्याकडे काहीच नव्हते. अर्ज तोंडी होता. फोटो ज्या फोनमध्ये होते तो फोन बदललेला. कुटुंबातला मोठा मुलगा तोवर चाकणला कंपनीत लागला होता, आणि आता तो विषय नको असे त्याचे म्हणणे. त्या अहवालात आपल्या तालुक्यांचे नाव आले नाही. जिनिव्हाने आपल्याकडे दुर्लक्ष केले, अशी तक्रार आम्ही कोणत्या तोंडाने करायची? तो पावसातला दिवस आम्ही स्वतःच पुसून टाकला होता.

दबाव आपल्यावरही

बौद्ध म्हणून आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. म्यानमार हा बौद्ध बहुसंख्य देश. १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब स्वतः गेले होते, म्हणून त्या देशाबद्दल आपल्याला आपुलकी आहे. त्याच देशाच्या लष्कराने २०१७ मध्ये केलेल्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्या देशाने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ताच ताब्यात घेतली आणि मग बर्मी बौद्धांवरही गोळ्या चालल्या.

आपल्यातले किती जण यावर बोलले? बोधगयेच्या महाबोधी महाविहारासाठी आपण जगभरच्या बौद्धांचा पाठिंबा मागतो, ते योग्यच आहे. पण अत्याचार करणारा बुद्धाचे नाव घेणारा असला की आपली जीभ जड होत असेल, तर ‘अंतर्गत बाब’ म्हणणाऱ्या सरकारात आणि आपल्यात फरक काय राहिला? २००७ मध्ये बर्मी भिक्खूंनी लष्कराचे दान नाकारून भिक्षापात्रे उलटी धरली होती. धम्मात सत्तेला नकार देण्याची रीत आहे, ती आपण आठवली पाहिजे.

जुन्नर-आंबेगावात काय करता येईल

पुढील चार गोष्टी आम्ही आमच्या गटापुरत्या ठरवल्या आहेत. इतर तालुक्यांतल्या मित्रांनीही विचार करावा.

एक, प्रत्येक अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. ती स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पावती जपायची.

दोन, एक नोंदवही ठेवायची. घटना, तारीख, वेळ, ठिकाण, कोणी पाहिले, कोणाकडे अर्ज दिला, काय उत्तर आले. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि ६० दिवसांत पूर्ण करायचा असतो. साठावा दिवस वहीत आधीच लिहून ठेवायचा.

तीन, कायद्यातल्या समित्या जाग्या करायच्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. उपविभागीय स्तरावरही समितीची तरतूद आहे आणि आपल्या दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय मंचरला आहे. बैठका कधी झाल्या, इतिवृत्तात काय आहे, हे माहिती अधिकारात मागता येते.

चार, पीडित कुटुंबाला विचारल्याशिवाय काहीही बाहेर पाठवायचे नाही. नावे, फोटो, गाव यांची चर्चा आधी त्यांच्याशी. परिणाम त्यांना भोगायचे असतात. कलम १५-अ नुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क आहे, तो अर्जही याच वहीतून निघतो.

हे काम कंटाळवाणे आहे. त्यात घोषणा नाहीत, सेल्फी नाहीत. पण आपल्या भागातली माणसे हे काम दोन हजार वर्षांपूर्वी करत होती. जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांमध्ये कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी भोजनमंडप दिला, हे दात्याच्या नावानिशी दगडावर कोरलेले आहे. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत तर तीन यवन दात्यांची नावे आहेत. दूरची माणसे इथल्या संघाच्या पाठीशी उभी राहिली हे आज आपल्याला कळते, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले.

पुढच्या रविवारच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातली एक घटना आणावी. तारखेसह, कागदासह. कागद नसेल तर तो कसा मिळवायचा, हे तिथे बसून ठरवू.

जय भीम. नमो बुद्धाय.